घोडी कालव्याच्या पुलाशी अडते, दोन पायांवर उभी राहते : काय करावे?

प्रश्न थोडक्यात असा आहे. बारामती तालुक्यातील एका शेतकरी वाचकाने गेल्या डिसेंबरात सारंगखेड्याच्या यात्रेतून सहा वर्षांची मारवाडी घोडी विकत आणली. पहिले दोन महिने ती चांगली चालली. त्यानंतर मळ्यापासून अर्ध्या किलोमीटरवर असलेल्या कालव्याच्या पुलाशी आली की ती थांबते, टाच मारली की मागे सरकते, लगाम आवळला की मागच्या दोन पायांवर उभी राहते आणि तोंड घराकडे वळताच भरधाव सुटते. महिन्यापूर्वी ते पडले आणि त्यांचे मनगट मोडले. शेजारच्या एका जाणत्या माणसाने काटेरी लगाम घालून दोन दिवस झोडपून काढण्याचा सल्ला दिला आहे. घोडीच्या अंगातच खोड आहे की आपल्या बसण्यात चूक आहे, आणि तिला विकून खेचर घेतले तर बरे पडेल का, असे त्यांनी विचारले आहे. सोबत पुलाशी काढलेले दोन व्हिडिओही पाठवले आहेत.

दोन्ही व्हिडिओ मी आठ-दहा वेळा पाहिले. त्यांत जे दिसते ते आधी सांगतो, कारण पुढचे सर्व उत्तर त्यावरच उभे आहे. पुलाच्या बरेच अलीकडे घोडीचा वेग कमी होतो, ती कान पुढे रोखते आणि थांबते. तुम्ही टाच मारता. पण ती उधळेल या भीतीने त्याच क्षणी दोन्ही हात पोटाशी घेऊन लगामही आवळता. ती दोन पावले मागे सरकते, पुन्हा टाच बसते, लगाम आणखी आवळला जातो आणि मग ती उभी राहते. ती खाली येताना तोल सावरण्याच्या धडपडीत तुमचे हात सैल होतात, ती घराकडे वळते आणि तुम्ही तिला वळू देता. या वीस सेकंदांत घोडी काय शिकली, हे तिच्या बाजूने पाहिले पाहिजे. पुलाकडे तोंड असले की जबड्यात आणि बरगड्यांवर त्रास होतो, उभे राहिले की तो थांबतो, घराकडे वळले की सावली आणि चंदी, म्हणजे दाणा, मिळतो. जनावराला शिकवते ती आपण दिलेली सूट. लगाम किंवा टाच ज्या क्षणी सैल होते, त्या क्षणी ते जे करत असते तेच त्याला बरोबर वाटते. तुमच्या घोडीला गेले काही आठवडे उभे राहण्याबद्दल सूट मिळत आली आहे.

काटेरी लगामाविषयी स्पष्ट लिहितो. घोड्याच्या पुढच्या आणि दाढेकडच्या दातांमध्ये जी मोकळी जागा असते तिथे कडियाळे, म्हणजे लगामाचा तोंडातला लोखंडी भाग, बसते, आणि तिथे हाडावर पातळ कातडीखेरीज काहीही नसते. त्या जागेवर टोचणारे लोखंड ओढले की डोके वर उचलून मागे जाण्यावाचून घोड्याला दुसरी वाट राहत नाही. म्हणजे जी घोडी आधीच उभी राहते तिला आपण उभे राहण्याचे आणखी सबळ कारण देतो. काटेरी लगामाने ती एखाद्या दिवशी मागे उलथून स्वाराच्या अंगावर पडण्याचा धोका खरा आहे, आणि घोडेस्वारीतील सर्वांत घातक अपघातांपैकी तो एक आहे. शिवाय ओझ्याच्या व ओढकामाच्या जनावरांसंबंधी 1965 साली केंद्र सरकारने केलेल्या नियमांत, जनावर हाकताना किंवा त्यावर स्वार होताना अणकुचीदार काठी आणि काटेरी लगाम वापरण्यास मनाई आहे. तो सल्ला देणाऱ्यांनी घोडे पाळले असतील, मी त्यांचा अनादर करत नाही. पण हा सल्ला मानू नका.

आता कारणे शोधण्याकडे वळू. मी नऊ वर्षे सैन्यातील खेचरांच्या तुकडीत होतो आणि त्यानंतरची अठरा वर्षे पुण्याच्या परिसरात घोडेस्वारी शिकवत आलो आहे. या काळात माझ्याकडे ‘खोडील’ म्हणून आणलेल्या जनावरांपैकी कितीतरी जनावरांना कुठेतरी दुखत होते. म्हणून शिकवण्याचा विचार करण्यापूर्वी घोडीला पशुवैद्याकडून तपासून घ्यावे, आणि तोवर तिच्यावर बसू नये. तुमचे मनगट पाहता तो वेळ तुम्हालाही हवाच आहे.

तपासणी तोंडापासून सुरू करावी. घोड्याचे दात आयुष्यभर थोडे थोडे बाहेर येत राहतात आणि चारा चघळताना झिजतात. वरचा जबडा खालच्यापेक्षा रुंद असल्यामुळे वरच्या दाढांच्या बाहेरच्या कडा आणि खालच्या दाढांच्या आतल्या कडा झिजायच्या राहतात आणि धारदार होतात. लगाम आवळला की गाल या कडांवर दाबला जातो. काही घोड्यांना पहिल्या दाढेच्या पुढे एक बारीक, निरुपयोगी दात असतो, त्यावर कडियाळे आपटले तरी ते डोके झटकतात. दाढा कानशीने घासणे हे पशुवैद्याचे अर्ध्या तासाचे काम आहे आणि ते दरवर्षी करून घ्यावे. चघळताना घास तोंडातून पडणे, लिदीत अख्खे दाणे दिसणे, एका बाजूला वळायला नकार देणे, ही लक्षणे तुम्हाला घरीही ओळखता येतील.

त्यानंतर पाठ. घोडी मोकळी उभी करून कण्याच्या दोन्ही बाजूंनी, कण्यापासून चार बोटे दूर, मानेच्या मुळापासून पुठ्ठ्यापर्यंत, म्हणजे कमरेमागच्या मांसल भागापर्यंत, मधल्या तीन बोटांनी सारखा दाब देत जा. जिथे ती पाठ खाली झुकवेल, कान मागे पाडेल किंवा तिथली कातडी थरथरेल ती जागा लक्षात ठेवा आणि दुसऱ्या दिवशी पुन्हा पाहा. खोगीर नीट बसते की नाही याची साधी खूण अशी की, तासभर चालवून आणल्यावर खोगीर काढले असता त्याखालचा घाम सारखा असला पाहिजे. सगळीकडे ओले आणि मध्येच एखादा हातभर भाग कोरडा असेल, तर बहुतेक वेळा तिथे दाब पडत असतो. खांद्यामागच्या उंचवट्यावर पांढरे केस आले असतील, तर आधीच्या मालकाच्या खोगिराने तिथे जखम केली होती असे समजावे. यात्रेत घोडी घेताना खोगीर सोबत मिळते, आणि ते त्याच घोडीचे असते असे नव्हे. तुमच्या व्हिडिओत खोगीर पुढे सरकून खांद्याच्या हाडावर बसलेले मला दिसते आहे. अशा खोगिरात घोडीला पुढचा पाय लांब टाकता येत नाही, आणि पुलाआधीचा छोटा चढ तिला नक्कीच जड जात असणार.

तंगाविषयीही, म्हणजे खोगीर आवळणाऱ्या पोटाखालच्या पट्ट्याविषयीही, एक गोष्ट सांगतो. एका थंड हवेच्या ठिकाणी पर्यटकांना फिरवणारा एक बारा-तेरा वर्षांचा घोडा माझ्याकडे आणला होता. अनेक वर्षे लहान मुलांना पाठीवर घेणारा हा शांत घोडा अचानक खोगीर ठेवणाऱ्याला चावू लागला होता, आणि मालकाने त्याच्या तोंडावर मारून मारून त्याला आणखी चिडखोर केले होते. पुढच्या पायामागे, तंगाच्या पट्ट्याखाली, सुपारीएवढी जुनी जखम निघाली. तीन आठवडे विश्रांती, मऊ तंग, आणि तंग एकदम न आवळता तीन टप्प्यांत आवळण्याची सवय, एवढ्यावर तो पूर्वीसारखा झाला. चावणे हा त्या घोड्याने दिलेला निरोप होता आणि तो कुणी वाचला नव्हता.

खुरांबद्दल फार लिहीत नाही. नालबंदाकडून नाल, खिळे आणि खुराच्या तळाची सड पाहून घ्यावी, इतके पुरे. दाण्याबद्दल मात्र लिहिले पाहिजे. तुम्ही रोज पाच किलो हरभरा आणि बाजरी घालता आणि घोडी आठवड्यातून दोन-तीन वेळा तासभर चालते. यात्रेत अंग तुकतुकीत दिसावे म्हणून घोड्यांना दूध, तूप, गूळ आणि भरपूर दाणा देतात, आणि नवा मालक तेच पुढे चालू ठेवतो. घोड्याच्या लहानशा जठरात सतत आम्ल तयार होत असते. ते चाऱ्याने आणि चघळताना सुटणाऱ्या लाळेने सौम्य राहते. सकाळ-संध्याकाळ दाण्याचा ढीग आणि मधले तास दावणीला रिकामे तोंड, असा दिनक्रम असला की पोटात जळजळ होते, जठरात व्रण होतात आणि अंगातली रग जायला वाट मिळत नाही. साडेतीनशे किलोच्या घोडीला दिवसाला सहा-सात किलो वाळला चारा तरी मिळाला पाहिजे, तोही दिवसभर विभागून. दाणा हळूहळू, दहा-बारा दिवसांत कमी करत एक किलोवर आणावा. रोज दोन-तीन तास तिला कुंपणाच्या आत मोकळे सोडता आले तर निम्मे काम तिथेच होईल.

‘पहिले दोन महिने चांगली होती’ हे वाक्य मला अनेकांकडून ऐकायला मिळते. नंदुरबार जिल्ह्यात तापीकाठी भरणाऱ्या त्या यात्रेत घोडे शेकडो किलोमीटरांचा प्रवास करून येतात, दिवसरात्र गर्दीत उभे असतात आणि विकले गेल्यावर पुन्हा ट्रकमध्ये चढतात. नव्या ठाण्यावर, म्हणजे नव्या मालकाच्या तबेल्यात, पोहोचलेला घोडा थकलेला आणि बावरलेला असतो, आणि त्याच्या त्या गप्प राहण्याला आपण गरीब स्वभाव समजतो. दोन महिने खाऊन-पिऊन अंग धरले की त्याचा खरा स्वभाव दिसू लागतो. तुमच्या बाबतीत आणखी दोन गोष्टी त्याच सुमारास घडल्या असणार. फेब्रुवारीपासून दिवस मोठे होऊ लागतात तशा घोड्या माजावर येऊ लागतात. साधारण एकवीस दिवसांनी माज येतो आणि पाच ते सात दिवस टिकतो. त्या दिवसांत काही घोड्या पाठीला आणि कुशीला हात लावू देत नाहीत. ती कोणत्या तारखांना उभी राहिली ते भिंतीवरच्या कॅलेंडरवर लिहून ठेवा, म्हणजे त्यात काही क्रम आहे का ते कळेल. दुसरी गोष्ट कालव्याची. डिसेंबरात तो कोरडा असेल आणि नंतर पाण्याचे आवर्तन सुटले असेल, तर तुमच्या दृष्टीने पूल तोच असला तरी घोडीच्या दृष्टीने त्याखाली आता हलणारे, चमकणारे आणि आवाज करणारे काहीतरी आले आहे.

घोड्याचे डोळे डोक्याच्या दोन बाजूंना असल्यामुळे त्याला जवळजवळ सभोवार दिसते, पण कपाळाच्या अगदी समोर आणि शेपटीच्या मागे त्याला काही दिसत नाही. पायांपुढची जमीन नीट पाहण्यासाठी त्याला मान खाली घालावी लागते, आणि उजेडातून सावलीत जाताना त्याचे डोळे आपल्यापेक्षा सावकाश सरावतात. पुलाच्या तोंडाशी आवळलेल्या लगामाने मान वर बांधलेली घोडी खरोखरच काही न पाहता पोकळ आवाजाच्या जमिनीवर पाय टाकणार असते. तिने नकार दिला यात मला तिचा हट्ट दिसत नाही.

आता मला सर्वांत महत्त्वाचा वाटणारा मुद्दा. व्हिडिओत उभी राहण्यापूर्वी घोडी पुढचे पाय एकाआड एक उचलते, मान कमानीसारखी करते आणि जागच्या जागी टापा देते. हे घाबरलेल्या घोडीचे पाय नाहीत; तिला नाच शिकवलेला असावा अशी मला दाट शंका आहे. वरातीत आणि मिरवणुकीत नाचवण्यासाठी आपल्याकडे घोडे तयार करतात. पाठीवरचा माणूस किंवा समोरचा मोतद्दार (घोडा सांभाळणारा माणूस) लगाम आखूड आणि ताठ धरतो, काठीने पायाच्या नळीला स्पर्श होत राहतो, हलगीच्या ठेक्यावर घोडा पाय उचलतो आणि शेवटी दोन पायांवर उभा राहिला की लगाम सैल सोडतात. म्हणजे तिच्या शिक्षणात ताठ लगाम आणि टाच यांचा एकत्र अर्थ ‘पुढे चल’ असा नाही, ‘नाच, आणि मग उभी राहा’ असा आहे. पुलाशी तुम्ही नेमकी तीच खूण देता. ती आज्ञा पाळते आहे, आणि तुम्ही तिला आज्ञा मोडल्याची शिक्षा देता आहात.

याची परीक्षा जमिनीवरून करता येईल. घोडी मोरखीत, म्हणजे कडियाळे नसलेल्या तोंडाच्या दोरीत, घेऊन मोकळ्या जागी उभी करा, दोर हनुवटीजवळ थोडा ताठ धरा आणि हातातली हलकी काठी पुढच्या पायाच्या नळीकडे नुसती न्या. मोबाइलवर हलगीचा ठेका लहान आवाजात लावा. तिने पाय उचलायला सुरुवात केली तर शंका खरी ठरली असे धरा आणि तिथेच थांबा. तिला उभी राहू देऊ नका. ज्याच्याकडून घोडी घेतली त्याला फोन करून विचारायलाही हरकत नाही. नाचाचा घोडा जास्त किमतीला जातो, त्यामुळे विक्रेते ही गोष्ट सहसा लपवत नाहीत, आपणच विचारायची राहते.

शंका खरी ठरली तर पूल, कालवा, रस्ता हे सर्व बाजूला ठेवून तिला एक नवी भाषा शिकवावी लागेल, आणि ती जमिनीवरून सुरू होते. मोरखी आणि साडेतीन-चार मीटरचा दोर घ्या. तिच्या खांद्याशी, दोन हात अंतरावर उभे राहा, ज्या दिशेला जायचे तिकडे पाहा, दोराचा हात पुढे न्या, ‘चल’ म्हणा आणि तिने दाद दिली नाही तर काठीच्या टोकाने बरगड्यांमागे हलकेच टकटक करत राहा. तिने एक पाऊल पुढे टाकताच, किंबहुना पुढे जाण्यासाठी तिचे अंग झुकताच, टकटक थांबली पाहिजे आणि दोर सैल झाला पाहिजे. ती मागे सरकली तर टकटक थांबवू नका, पण जोरही वाढवू नका. दोर सैल ठेवून तिच्याबरोबर मागे चाला आणि पुढचे पाऊल येईपर्यंत टकटक चालू ठेवा. तिने पाय उचलून नाच धरला तर तिला एका बाजूला वळवून वर्तुळात चालवा, म्हणजे तो ठेका मोडेल. सकाळी वीस मिनिटे आणि संध्याकाळी वीस मिनिटे एवढे पुरे. तासभर रगडण्याने काही साधत नाही.

याच काळात तिला मागचे पुठ्ठे सरकवायला शिकवा. तिच्या पोटाशी उभे राहून तिचे तोंड किंचित तुमच्याकडे वळवा, तंगाच्या मागे बोटांनी दाब द्या, आणि जवळचा मागचा पाय दुसऱ्या पायाच्या पुढून ओलांडून गेला की दाब काढा. हे दोन्ही बाजूंनी लोण्यासारखे मऊ झाले पाहिजे. कारण उभे राहण्यासाठी घोड्याला दोन्ही मागचे पाय पोटाखाली घट्ट रोवावे लागतात. ते पाय एकमेकांना ओलांडत असतील तोवर तो उभा राहू शकत नाही, नीट उधळूही शकत नाही. पाठीवर असताना तुमचा खरा ब्रेक हाच आहे.

चार आठवड्यांनंतर, दात आणि पाठ ठीक असल्याची खात्री झाल्यावर, मळ्यातल्या कुंपणात बसायला सुरुवात करावी. कडियाळे एका सांध्याचे, जाड आणि गुळगुळीत असावे, ज्याला रायडिंग क्लबमध्ये स्नॅफल म्हणतात. डोक्यावर हेल्मेट, पायांत टाच असलेले बूट, आणि रिकिबीत फक्त चवडा, पूर्ण पाऊल नको. पहिल्या दिवशी उभ्या घोडीवर एकच धडा घ्या: एका बाजूचा लगाम सावकाश गुडघ्याकडे घ्या, दुसरा पूर्ण सैल सोडा, तिचे पाय थांबेपर्यंत आणि जबडा मऊ होईपर्यंत धरून ठेवा, आणि मग एकदम सोडा. दोन्ही बाजूंनी दहा-दहा वेळा. मग चालवताना ‘चल’ हा शब्द आधी, मग पोटऱ्यांचा हलका दाब, त्यानेही भागले नाही तर काठीची बरगड्यांमागे तीच टकटक, आणि या सर्व वेळी लगाम इतका सैल की त्याला झोळ पडलेला दिसावा. टाच आणि लगाम एकाच क्षणी वापरायचे नाहीत, हा नियम तुम्हाला सर्वांत कठीण जाईल, कारण पडल्यापासून तुमचे हात तुमच्या नकळत आवळले जातात. गळ्याभोवती एक जुना पट्टा बांधा आणि भीती वाटली की लगामाऐवजी तो धरा. यात कमीपणा मानू नका. मी प्रत्येक नव्या स्वाराला तो देतो.

पुलाचे काम घोडी हातात धरून, पायी करावे. ती जिथे पहिल्यांदा कान रोखते ती जागा शोधा. माझ्या अंदाजाने ती पुलाच्या तीस-चाळीस पावले अलीकडे आहे. त्याच्याही पाच पावले अलीकडे थांबा, दोर सैल सोडा, तिला हिरवे गवत खाऊ द्या, दहा मिनिटांनी तिथूनच शांतपणे परत या. दुसऱ्या दिवशी जमले तर दोन पावले पुढे. तिने थांबण्यापूर्वी तुम्ही थांबायचे आहे, म्हणजे थांबण्याचा निर्णय तुमचा राहतो. तिची चंदी काही दिवस पुलाजवळच एका पाटीत द्या. उलट घरी पोहोचल्यावर लगेच खोगीर काढून दाणा घालू नका. अंगणात दहा मिनिटे वळणे, थांबणे, मागे सरकणे असा अभ्यास घ्या, मग बांधा आणि दाणा तासाभराने द्या. कष्ट कुठे आणि विसावा कुठे याचा हिशेब घोडी फार लवकर मांडते. एखादा शांत, जुना घोडा पुढे चालायला मिळाला तर जरूर घ्या, तो नसेल तर ओळखीचा माणूस सायकल हातात धरून पुढे चालला तरी चालतो.

सरावाची ताकद पाहायची असेल तर आषाढी वारीतले रिंगण आठवावे. माउलींच्या पालखी सोहळ्याचे अश्व कर्नाटकातील अंकलीहून आळंदीपर्यंत चालत येतात आणि पुढे टाळ-मृदंगाच्या गजरात, पायांजवळ बसलेल्या हजारो माणसांच्या मधून धावतात. ज्याच्या पूर्वजांनी लाखो वर्षे पळूनच जीव वाचवला अशा प्राण्याकडून हे होते, ते त्याला रोज थोडे थोडे अंतर चालवून, आवाजाला हळूहळू जवळ आणून आणि त्याच्या ओळखीच्या माणसांनी सोबत राहून. माझ्या कामात मला याचा फार आधार वाटतो.

एवढे करूनही एखादा प्रसंग येईलच, तेव्हा काय करायचे ते आधीच ठाऊक असले पाहिजे. घोडी उभी राहण्याच्या बेतात आहे हे कळते: चाल थांबते, मान वर येते, पुढचा भाग हलका होतो आणि वजन मागे गेल्याचे तुमच्या बैठकीला जाणवते. त्या क्षणी एका बाजूचा लगाम घेऊन तिचे पुठ्ठे सरकवा. तो क्षण निसटला आणि ती उभी राहिलीच, तर दोन्ही हात पुढे फेका, लगाम पूर्ण सैल सोडा, छाती तिच्या मानेच्या एका बाजूला लावा आणि आयाळ किंवा पट्टा धरा. लगामाला लोंबकळणे म्हणजे तिला आपल्या अंगावर ओढून घेणे. पाय रिकिबीत अडकलेला नसावा. ती खाली येताच, टापा जमिनीला लागतानाच, तिला पुढे किंवा वर्तुळात चालवा. पुलावर, विहिरीजवळ किंवा बांधाच्या कडेला असाल तर ती उभी राहण्याची वाट पाहू नका, आधीच खाली उतरा. उतरणे ही हार नाही, फक्त उतरल्यावर घराकडे जाऊ नका. तिथेच पाच मिनिटे जमिनीवरचा अभ्यास घ्या आणि ती शांत असताना परत फिरा.

घराकडे उधळल्यास ओरडू नये आणि पुढे झुकू नये, दोन्ही गोष्टींनी वेग वाढतो. सरळ बसावे, टाचा खाली दाबाव्यात, एक हात तिच्या मानेवर घट्ट टेकवावा आणि दुसऱ्या हाताने लगाम ओढावा-सोडावा, ओढावा-सोडावा, तिच्या टापांच्या लयीत. सलग ओढलेल्या लगामावर घोडी रेलते आणि पळत राहते. मोकळे रान असेल तर मोठ्या वर्तुळात घेऊन ते हळूहळू लहान करावे. डांबरी रस्त्यावर किंवा अरुंद बांधावर झटक्याने वळवल्यास ती घसरून दोघेही पडाल. मुळात परतीचा शेवटचा अर्धा किलोमीटर दुडकीतसुद्धा यायचा नाही, संथ चालीतच यायचा, आणि कधी कधी दारावरून पुढे जाऊन पुन्हा वळायचे.

दुगाण्या आणि पाठ कमानीसारखी करून उड्या मारणे यांत डोके खाली जाते, म्हणून तिथे मान वर ठेवून पुढे चालवावे. बुजण्याच्या वेळी ज्या वस्तूला ती बुजते तिच्याकडे तुम्ही पाहू नका, तिचे तोंड वस्तूपासून किंचित उलट बाजूला वळवून चालत राहा. वस्तूपाशी नेऊन नाक लावण्याचा हट्ट बहुतेक वेळा महागात पडतो.

खेचराविषयी. घोडी आणि गाढव यांच्या संकरातून जन्मलेल्या या प्राण्यावर माझे मनापासून प्रेम आहे, आणि म्हणूनच तुम्ही ते या कारणासाठी घेऊ नये असे सांगतो. घोडा घाबरला की पळतो. खेचर घाबरले की थांबते आणि विचार करते. आपण त्याला आडमुठेपणा म्हणतो. पहाडात बर्फाच्या दिवसांत आमच्या रांगेतले पहिले खेचर रोजच्या वाटेवर अचानक थांबले. तरुण जवान त्याला मागून रेटू लागला. आमच्या जुन्या हवालदाराने त्याला थांबवले आणि लांब काठी पुढच्या बर्फात खुपसली. ती मुठीपर्यंत आत गेली. बर्फाखालची वाट खचलेली होती. त्या दिवसापासून खेचर थांबले की मी आधी जमीन पाहतो आणि मग खेचराकडे पाहतो. पण हेच खेचर अन्याय झालेला विसरत नाही, त्याची लाथ नेम धरून बसते, आणि घोडी चुकीच्या वेळी दिलेली जी खूण वीस वेळा सोसते ती खेचर दोनदाही सोसत नाही. त्याच्या खांद्यावरचा उंचवटा कमी असल्यामुळे उताराला खोगीर मानेवर सरकते, म्हणून शेपटीखालून घ्यायची दुमची लावावी लागते. टाच आणि लगाम एकत्र वापरण्याची सवय घेऊन तुम्ही खेचरावर बसलात, तर तुमची आजची अडचण तिथे अधिक लवकर समोर येईल.

दोन बाबतींत मात्र स्वतः प्रयत्न थांबवा. जमिनीवरच्या अभ्यासातही ती तुमच्या अंगावर पुढचे पाय उचलू लागली, किंवा दुखणे बरे होऊन आणि दोन महिने नियमित काम करूनही पाठीवर बसल्यावर ती उंच उभी राहत असली, तर ती अनुभवी प्रशिक्षकाच्या ठाण्यावर पाठवावी, आणि तिथे तो काय करतो ते स्वतः उभे राहून पाहावे. तिच्यावर कुटुंबातील लहान मुलाला तोपर्यंत एकदाही बसवू नये.

पूल ओलांडण्याची तारीख आधी ठरवू नका. पायी नेताना ती सलग पाच दिवस सैल दोरावर, मान खाली घालून, पुलावरून पलीकडे गेली आणि पलीकडे उभी राहून गवत खाऊ लागली, की सहाव्या दिवशी सकाळी, वारा नसताना, तिच्यावर बसून जा. लगामाला झोळ असू द्या, एक हात गळ्याच्या पट्ट्यावर ठेवा, नजर पलीकडच्या झाडावर ठेवा आणि ‘चल’ म्हणा. पलीकडे पोहोचल्यावर लगेच खाली उतरा, तंग दोन घरे सैल करा, तिला थोडा वेळ चरू द्या आणि त्या दिवशी घरी पायीच परत आणा.